जो कोणी

काळाचौकीच्या उतारावर, चाळीसमोर, विजेच्या दोन खांबांमध्ये बरोबर अठ्ठ्याऐंशी यार्ड अंतर होतं. जयवंत परबाने ते स्वतः टेप लावून मोजलं होतं, तेही दोनदा. एवढं अंतर गाडीने सहा सेकंदांत तोडलं तर तिचा वेग ताशी तीस मैल. पाच सेकंदांत तोडलं तर छत्तीस. जयवंत मिलमध्ये टाइमकीपर होता. दारावर उभं राहून कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं हाच त्याचा धंदा, त्यामुळे चाळीत त्याला पाठीमागे 'घड्याळ' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण माणूस लाल बावट्याचा, आणि वादाला बसला की जेवायला उठत नसे.

साल सत्तावन. मुंबई द्विभाषिकात कोंबलेली, गिरणगाव तापलेलं, चाळीच्या प्रत्येक जिन्यावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं खडूने लिहिलेलं. त्या वर्षी कॉटन ग्रीनहून कापसाच्या गाठी भरलेल्या लॉऱ्या या आडरस्त्याने पळू लागल्या होत्या. ड्रायव्हरांना खेपेवर पगार. उतार लागला की ते पॅडलवरून पाय काढत नसत. मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या बकुळाचा पाच वर्षांचा मुलगा समोरच्या वाण्याकडून गूळ आणताना एका लॉरीच्या चाकाखाली सापडून गेला.

जयवंतची मुलगी बेबी सात वर्षांची. तिची शाळा रस्त्यापलीकडे. तिच्यासाठीच जयवंत पहिली पाळी संपवून गॅलरीत घड्याळ घेऊन बसू लागला. आठ दिवसांत एक्केचाळीस लॉऱ्या वहीत उतरल्या. सहा सेकंदांच्या वर एकही नव्हती.

मग त्याने अर्ज लिहिला. जयवंतचा अर्ज म्हणजे बघण्यासारखी चीज. 'जो कोणी या दोन खांबांच्या दरम्यान ताशी दहा मैलांहून अधिक वेगाने वाहन हाकील तो दंडास पात्र ठरावा.' 'जो कोणी' हा शब्द त्याला फार आवडायचा. त्यात कायद्याचं वजन आहे, शिवाय कुणी निसटत नाही, असं तो म्हणे. वाहतुकीच्या कचेरीने अर्ज परत पाठवला, इंग्रजीत लिहा म्हणून. त्याने इंग्रजीत लिहिला. तेव्हा उत्तर आलं की सदर रस्त्यावर वेग उतरवण्याइतके अपघात झालेले नाहीत.

जयवंतने ते पत्र गॅलरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. बकुळा तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अजून किती लागतात त्यांना?"

त्या दिवसापासून चाळ हट्टाला पेटली. कोंडीराम पेंटरने फळीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं: 'ताशी दहा मैल. हुकमावरून.' कुणीतरी विचारलं, हुकूम कुणाचा? कोंडीरामने ब्रश परत डब्यात बुडवला आणि खाली लिहिलं, 'आमचा.' तिसऱ्या दिवशी लॉरीने ती पाटी उडवली. दुसरी लावली, तीही उडवली. तिसरी लावायला निघाले तेव्हा गुणाजीने सगळ्यांना थांबवलं.

गुणाजी सावंतवाडीकडचा, मिलमधून निवृत्त झालेला जॉबर, कामगारांवर देखरेख करणारा. वरच्या खांबाच्या बुडाशी शेंदूर लावलेला एक दगड होता, त्याला तो वर्षातून एकदा नारळ देई. ही हद्द त्या दगडातल्या राखणदाराची, आपण कचेरीत जाऊन उंबरे झिजवतो आणि ज्याची हद्द त्याला विचारत नाही, असं त्याचं म्हणणं. गावी असतो तर पहिल्याच दिवशी गाऱ्हाणं घातलं असतं.

जयवंत हसला. त्याने जन्मात दगडाला नारळ फोडलेला नव्हता. पण बकुळाने पदर खोचून नारळ आणला, बायका जमल्या, तेव्हा तोही मागे जाऊन उभा राहिला. आणि स्वभाव कुठे जाणार? गुणाजी 'गाडयेवाल्यांका' असं म्हणायच्या बेतात होता. जयवंतने त्याला अडवलं. गाडीवाले म्हटलंत तर उद्या सायकलवाला सुटेल, परवा हातगाडी सुटेल. 'जो कोणी' म्हणा. आणि दहा मैलांचा आकडा घाला.

"देवाक मैल कळनत नाय रे," गुणाजी म्हणाला. "हळू म्हटला की पुरे."

आकडा गाळला, शब्द घेतला. गुणाजीने हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे इली आसत. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत जो कोण जोरान जायत, तेका तू हळू कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी चाळ म्हणाली. जयवंतही म्हणाला, अगदी ओठांत.

तो रविवार होता. सोमवारी दुपारी पहिल्या लॉरीला नऊ सेकंद लागले. जयवंतने घड्याळ कानाला लावून पाहिलं. मंगळवारी बारा. शुक्रवारी अठरा, म्हणजे बरोबर दहा मैल. त्या दिवशी चाळीत शिरा झाला, आणि जयवंतने वहीत अठराच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. कचेरीला जे जमलं नाही ते चाळीने करून दाखवलं होतं. कसं केलं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. विचारायचा होता, पण शिरा चांगला झाला होता.

पुढच्या आठवड्यात छत्तीस सेकंद. मग पूर्ण मिनिट. ड्रायव्हर पॅडल दाबून धरत, इंजिन किंचाळे, आणि चाकं माणसाच्या चालीने फिरत. खालचा खांब ओलांडला की लॉरी हिसका बसून पुढे उडे. एक ड्रायव्हर खाली उतरून चाकांखाली वाकून बघत बसला. परत उठून उभा राहायलाच त्याला इतका वेळ लागला की बघणाऱ्यांचं हसू थांबलं.

लॉरीमालकाचा मुकादम दम द्यायला आला. जयवंतची बायको नलू जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, तुमच्या गाड्यांना आम्ही बोट लावलंय का? रस्ता सरळ आहे, हाका की. मुकादम गेला. लॉऱ्यांनी रस्ताच बदलला. चाळीची पोरं उतारावर खेळू लागली, आणि बकुळा पहिल्यांदा गॅलरीत येऊन बसली.

बेबी पोरांत सगळ्यांत जोरात पळणारी. खांबापासून खांबापर्यंत तिला पंचवीस सेकंद लागत. ते तिच्या बापाने लिहून ठेवलं होतं. ऑक्टोबरात तिला पन्नास लागले, आणि तिला ते कळलंसुद्धा नव्हतं. ती धापा टाकत आली नि म्हणाली, बाबा, आज मी किती जोरात आले ना?

मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. वर फेकलेला चेंडू खाली यायला वेळ लावी. भंगारवाल्याची हाक त्या पट्ट्यात शिरली की जाड होई, तिच्यातले शब्द सुटे सुटे ऐकू येत. समोरच्या इराण्याकडून घेतलेला गरम पाव रस्ता ओलांडेपर्यंत थंड होई. एक कावळा वाण्याच्या पत्र्यावरून उडाला, आणि नलूने भाकरी थापून, भाजून, उतरवली तरी तो चाळीच्या कठड्याला पोचला नव्हता. लोक खांबांना वळसा घालून ये-जा करू लागले.

शेवटी गुणाजीच आला. "हळू म्हणजे किती, ह्यां आपण तेका सांगलाव नाय," तो म्हणाला. "जयवंता, गाऱ्हाणा परत घेवया."

जयवंत म्हणाला, नाही. आज मागे घेतलं की उद्या लॉऱ्या परत. सगळं गिरणगाव एक इंच मागे हटत नाही आणि आपण आपला रस्ता सोडायचा? त्याचा आवाज चढला होता. त्याला भीती वाटत होती, आणि ती वाटते म्हणून रागही येत होता. नलूने बेबीला बजावून ठेवलं होतं, शाळेतून येताना वरच्या खांबाच्या पलीकडून वळून यायचं. तेवढं पुरे, असं त्याने ठरवून टाकलं.

नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्र समितीने हरताळ पुकारला. मिलचे भोंगे वाजले नाहीत. लालबागच्या नाक्यावरून मोर्चा निघायचा होता. जयवंत सदरा घालून गॅलरीत उभा होता, तेवढ्यात शाळा सोडून दिल्याचा गलका झाला. समोरच्या फुटपाथवर बेबी दिसली. पाठीला दप्तर, वेण्यांना लाल रिबिनी. अचानक मिळालेल्या सुट्टीने तिचं तोंड फुललं होतं. तिने बापाला हात केला.

आणि वळसा न घेता ती सरळ पळत सुटली.

रस्त्याच्या मध्यावर तिचा उजवा पाय वर उचललेला होता. जयवंत बघत राहिला. साठ आकडे मोजून झाले. पाय खाली टेकला नाही.

नाक्याकडून घोषणा येत होत्या, मोर्चा चालू लागला होता. इथे एक रिबीन हवेत सरळ उभी होती, पडत नव्हती.

तो जिना उतरून धावला. रस्त्याच्या कडेला गुणाजीने त्याचा दंड धरला. "आत गेलस तर तू पण अडाकशीत."

"बेबी!" जयवंतने हाक मारली.

तिचे ओठ हलू लागले. हसण्यासाठी. ते हसू पुरं होईना.

तो पुन्हा ओरडला. वरच्या मजल्यावरून दोन पोरी वाकून म्हणाल्या, "ओ काका?" त्या चाळीत मजल्याला तीन बेब्या होत्या. मुलगी झाली की पहिल्या दिवशी बेबी म्हणायचं, आणि मग तेच राहायचं. बेबी म्हणजे कोण? बेबी म्हणजे कोणीही.

जो कोणी.

तो दगडापाशी गेला. हात जोडले नाहीत. कचेरीतल्या साहेबाच्या टेबलासमोर उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला.

"तो शब्द माझा आहे," तो म्हणाला. "मी घातला, मी काढून घेतो. ही जो कोणी नाही. ही उर्मिला जयवंत परब. शाळेच्या रजिस्टरात नाव आहे. उर्मिलेला सोड."

गुणाजी सवयीने पुटपुटला, "व्हय म्हाराजा."

पाय खाली टेकला. पुढच्या क्षणी मुलगी बापाच्या छातीवर येऊन आदळली. तिचं अंग गरम होतं, छाती धडधडत होती. जयवंत रस्त्यातच बसला आणि मोठ्याने रडला. त्याची त्याला लाजही वाटली नाही.

दुपारी नलूने भात वाढला आणि नेहमीसारखी हाक मारली, "बेबी, ताट घे गं."

मुलीने वर पाहिलं नाही. ती भिंतीला टेकून धडा वाचत होती. नलूने विचारलं, ओ का देत नाहीस? मुलगी म्हणाली, मला कुठं हाक मारलीस?

तेव्हा बाहेरून उत्तर आलं. रिकाम्या रस्त्याच्या मध्यावरून, जाड, ओढलेलं, एकेक अक्षर वेगळं करून. "आऽऽऽ... लेऽऽऽ..."

जयवंतने घड्याळ उचललं. तो एक शब्द पुरा व्हायला चाळीस सेकंद लागले.

त्या दिवसापासून घरात ते नाव घेणं बंद झालं. हाक मारली नाही तरी दुपारी त्या वेळेला उत्तर येई. जयवंत रोज खडूने खूण करून बघे. आवाज रोज हातभर चाळीकडे सरकत होता. रस्त्याच्या मध्यापासून, जिना धरून, दारापर्यंतचं अंतर त्याने टेपाने मोजलं, वहीत भागाकार केला, आणि उत्तर आलं संक्रांत.

गुणाजी गावी जा म्हणाला. शेजारच्यांनी खोली बदला म्हणून सांगितलं. कोंडीरामने दारावर नवी कडी बसवून देतो म्हटलं. नलूने त्याला हातोडीसकट परत पाठवलं.

"माझी मुलगी शाळेतून घरी येतेय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ती येईपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि दाराला कडीही घालणार नाही."

जयवंत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने दाराची जुनी कडीसुद्धा स्क्रू काढून उतरवली.

संक्रांतीच्या आदल्या दुपारी आवाज दारालगतच्या, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून आला. नलूने चार पाट मांडले आणि चार ताटं वाढली. उर्मिला आपल्या पाटावर बसून भात कालवत होती. शेजारच्या रिकाम्या पाटासमोरच्या ताटाकडे तिने पाहिलं, घास घेतला, तो नीट चावून गिळला आणि विचारलं, "आई, ती आली की मी कुठं जायचं?"