गंज होता, चुना नव्हता

पंपाचं झाकण निघालं आणि थोरलीच्या तळहातावर तांबूस पाणी सांडलं.

बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांची माशांची खोली रिकामी करायला ती आली होती. समुद्राच्या पाण्यातले मासे बाबांनी उभी हयात वाढवले. मग एका सकाळी मोठ्या टाकीतले सगळे मासे मरून वर आलेले दिसले. पंप अडकला होता, पाणी फिरलं नव्हतं, मासे गुदमरले होते.

"बाबा, तुम्ही पंप साफ करायला विसरलात," धाकटा म्हणाला होता.

बाबांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. त्यानंतर माशांचं नाव काढलं नाही, आणि एके दिवशी झोपेतच गेले. घरात सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं की म्हाताऱ्याला शेवटी विसरायला होत होतं.

थोरलीला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की हे खरं होतं का. फोनवर तर बाबा तिच्या जुन्या वर्गमैत्रिणींचीसुद्धा नावानिशी चौकशी करत.

तो पंप त्या दिवसापासून बादलीत पडून होता. कुणी उघडला नव्हता. तिनं स्क्रू काढले होते, चारही घट्ट बसलेले. झाकणाखालची रबरी रिंग उचलण्याआधी तिनं नीट पाहून ठेवली. रिंगेचा चिकटवलेला सांधा वायरच्या बाजूला होता.

मग तिनं रोटर बाहेर ओढला. रोटर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारा चुंबक, वर प्लॅस्टिकचं कवच. कवच एका जागी फुगून फाटलं होतं आणि आतून गंज उकलून आला होता. मधला दांडा मात्र चिनीमातीचा, पांढराशुभ्र. तिनं पंपाच्या आत बोट फिरवलं. गुळगुळीत. मग फाटलेल्या कवचावरचा गंज जुन्या टूथब्रशनं हलकेच घासला आणि भिंग लावून बराच वेळ पाहत राहिली.

फळीवर बाबांचे बाकीचे पंप ओळीनं मांडलेले होते. त्यांच्या झाकणांना स्क्रू नव्हते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी झाकणं बांधली होती.

दुपारी पंपांची दुरुस्ती करणारा मिस्त्री आला. तिनंच बोलावलं होतं.

"काका, हा पंप तुम्ही उघडला होता?"

"मी? तुझे बाबा मला या टाकीच्या जवळ तरी फिरकू द्यायचे का? फळीवरचे एक-दोन पंप केलेत मी. त्यातही माझ्या चुका काढायचे."

"कसल्या चुका?"

"म्हणायचे, रिंगेचा सांधा वायरकडे ठेव, गळती लागली तर तिथेच दिसेल. मी म्हटलं, साहेब, मी पंप दुरुस्त करतो, पंपाचं लग्न लावत नाही. सांधा पडेल तिथे पडू दे."

"आणि या ट्यूबच्या पट्ट्या?"

"त्यांची बोटं आखडली होती ना वर्षभर. स्क्रूड्रायव्हर धरवत नव्हता. मी म्हटलं, मी कसून देतो. तर नाही. पट्ट्या बांधायचे, पण कुणाची मदत घ्यायचे नाहीत." त्यानं उघड्या पंपाकडे पाहिलं. "तुझ्या भावाला वाटतंय मीच काहीतरी घोळ घातला?"

"अजून तसं म्हणाला नाही तो."

"म्हणेल," मिस्त्री म्हणाला आणि उठला.

संध्याकाळी धाकटा आला तो खोके घेऊनच.

"ताई, अजून एकही वस्तू हलली नाही?"

"बस. तू या पंपाला कधी हात लावलास?"

"मी? लहानपणी बाबांनी बळंच शिकवलं, तेवढंच. उघडलास वाटतं. बघ, गंजच आहे ना? मी म्हटलं नव्हतं?"

"गंज आहे. चुना नाही."

"म्हणजे?"

"पंप साफ केला नाही तर आत पांढरा चुना साठतो, हाताला खरखरीत लागतो. इथे कणभर नाही. बाबांनी तो नुकताच साफ केला होता. ते विसरले नव्हते."

"मग मिस्त्रीनं काहीतरी केलं असेल. त्याचं काम तुला माहीत आहे."

"मिस्त्रीला रिंगेचा सांधा कुठे ठेवायचा याची फिकीर नाही. या पंपात तो वायरकडे होता."

"मग बाबाच."

"बाबांना स्क्रू कसता येत नव्हते, म्हणून फळीवर पट्ट्या दिसतायत. इथे चारही स्क्रू घट्ट होते. म्हणजे बाबांनंतर कुणीतरी हा पंप उघडून पुन्हा बंद केला." ती शांतपणे बोलत होती. "आणि गंज आपोआप लागलेला नाही. प्लॅस्टिकला तडा गेला तर तो वाकडातिकडा जातो. इथे चीर पट्टी लावल्यासारखी सरळ आहे. कुणीतरी ब्लेडनं कवच कापलं, म्हणजे खारं पाणी आत जाईल, चुंबक गंजेल, फुगेल आणि कधीतरी पंप अडकेल. नंतर पंप बंद करताना त्यानं सांधा वायरकडे ठेवला, सवयीनं. ती सवय बाबांनी आपल्या दोघांनाच लावली. पंप अडकला तेव्हा मी तर इथे नव्हतेच."

धाकट्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं.

"ते माझ्याकडे राहायला येत नव्हते, ताई. किती वेळा म्हटलं. मासे, मासे, मासे. मासे नसते तर आले असते. मला फक्त मासे नको होते."

"मासे मेले तेव्हा तरी सांगायचं होतंस."

"कुणाचं तरी नाव घ्यावंच लागलं असतं."

"म्हणून बाबांचं घेतलंस."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं लोक किती सहज म्हणून जातात. ते दात कसे लागतात हे थोरलीला आज पहिल्यांदा कळलं.

मागे चाहूल लागली. आई दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"म्हणजे ते विसरत नव्हते?" आईनं विचारलं.

"नाही, आई."

आई आत आली आणि रिकाम्या टाकीच्या कडेला धरून उभी राहिली.

"मी बाहेरून कडी लावत होते," ती म्हणाली. "बाजारात जाताना. रस्ता चुकतील, लावत जा, असं यानंच सांगितलं होतं. ते आतून म्हणायचे, अगं, मला सगळं आठवतंय, उघड."

तिनं धाकट्याकडे पाहिलं.

"मी म्हणायचे, हो हो. आणि निघून जायचे."