फाट्यावरचा खांब

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या मामाला तोंडावर खोटं म्हणू नका, एवढीच विनंती.

रात्र नव्हती. रविवार होता, दुपारचे पावणेबारा, ऊन नुसतं रणरणत होतं.

जागा म्हणजे जुन्या दगडखाणीकडे जाणाऱ्या खडीच्या वाटेवरचा फाटा.

मामाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. हात कायम काळे, तोंड कायम चालू. दर रविवारी तो पंधरा-वीस जणांना घेऊन खडीच्या वाटांवर सायकली हाणायला जातो. वाटा तीन. हिरवी कालव्याकाठची, सपाट, ती पोराटोरांना आणि गुडघेदुखीवाल्यांना. निळी बागांमधून जाते, थोडी चढउताराची. आणि लाल खाणीची. सुट्टी खडी, उभे उतार.

"लाल वाटेवर यायचं तर आधी मृत्युपत्र करा, मग हवा भरा," असं तो नवख्यांना चिडवायचा.

आता चिडवत नाही.

त्यांचा एक नियम आहे. फाटा आला की म्होरक्याच्या मागचा माणूस तिथे उतरतो आणि मागच्यांना हाताने वाट दाखवत उभा राहतो. त्याला म्हणायचं खांब. सगळ्यांत शेवटी असतो तो शेपूट. शेपूट येऊन "सुटलात, चला" म्हणेपर्यंत खांबाने हलायचं नाही. काहीही झालं तरी.

मामा कायम शेपूट.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी लाल वाटेवर चौदा जण होते. खाणीच्या फाट्यावर खांब म्हणून घड्याळजी थांबले. घड्याळजी म्हणजे मामाच्या दुकानाशेजारचे घड्याळदुरुस्तीवाले. साठीचे, पिवळं हेल्मेट, बोलणं मोजकं. वीस वर्षांचा शेजार.

फाट्याच्या अलीकडे एका नवख्याची चेन तुटली. मामाने त्याला धरून मधल्या पायवाटेने डांबरी रस्त्यावर काढलं आणि तिथून दोघे टेम्पोने परतले. दुकानापाशी डोकी मोजली.

चौदा भरली.

निळ्या वाटेवरचा एक जण चहासाठी या घोळक्यात मिसळला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मामा हात धुऊन जेवायला गेला.

घड्याळजी संध्याकाळी पाचला फाट्यावरच सापडले. खाणीच्या रखवालदाराला. दगडाला पाठ टेकून बसलेले, बाटली कोरडी, तोंड वाटेकडे. खाणीत फोन लागत नाही. उन्हाने गेले, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांची बायको मामाला एका शब्दाने लावून बोलली नाही. फक्त म्हणाली, "त्यांना कुणी थांबा म्हटलं, की ते थांबायचे हो."

ते वाक्य मामाच्या काळजात रुतून बसलं.

दीड वर्ष लाल वाट बंद होती. मग नवी मंडळी आली, हट्टाला पेटली, आणि वाट पुन्हा सुरू झाली. पहिल्याच रविवारी म्होरक्या होता एक बेकरीवाला. गावात नवा. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मामा शेवटी होता. फाटा जवळ आला.

फाट्यावर कुणीच नव्हतं...

खांबच नाही. मामाचं डोकं फिरलं. पण टायरांच्या खुणा तर सगळ्या बरोबर डावीकडे वळलेल्या. एकही जण चुकलेला नाही.

तो थांबला. वारा पडलेला. पाखरू नाही.

आणि मग अगदी जवळ... कट, कट, कट, कट...

मोकळं चाक हाताने फिरवल्यावर होतो तसा आवाज. मामाला तो झोपेतही ओळखू येतो. त्याने चहूकडे पाहिलं. सायकल एकच होती. त्याची. आणि तिची दोन्ही चाकं स्थिर होती.

खाली पोचल्यावर त्याने बेकरीवाल्याला धारेवर धरलं. "फाट्यावर खांब का ठेवला नाहीस?"

"गरजच पडली नाही की. ते गृहस्थ उभे होतेच, पिवळ्या हेल्मेटवाले. मला वाटलं तुम्हीच पुढे धाडलंत."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

"काही बोलले?"

"एवढंच विचारलं, शेपूट किती मागे आहे? मी म्हटलं, मागेच आहे, येतोय."

बाकीच्यांनाही विचारलं. सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांना त्यांनी तेच विचारलं होतं. आणि सगळ्यांनी तेच उत्तर दिलं होतं.

त्यानंतर मामा एकटा कितीदा तरी गेला. सकाळी, दुपारी, उन्हं कलताना. रिकाम्या फाट्यावर उभं राहून म्हणायचा, "सुटलात घड्याळजी, चला." पाया पडायचा. रडायचा. मोठा माणूस, पण लहान पोरासारखा रडायचा, हे मामीने मला सांगितलं.

दर रविवारी मात्र मंडळींना ते दिसतच होते. फक्त ज्याने सोडवायचं, त्याला दिसत नव्हते.

शेवटी मामाने लेकीला बरोबर घेतलं. कॉलेजात आहे, बापापेक्षा धीट. ठरलं असं, की तिने पुढे जाऊन त्यांच्याजवळ थांबायचं. मामा मागून येईल. ती बोट दाखवेल, तिथे बघून तो "सुटलात, चला" म्हणेल.

पावणेबाराला मामा फाट्यावर पोचला. लेक उभी होती. चेहरा पांढराफटक.

"आहेत?"

"आहेत, बाबा. माझ्या उजव्या हाताला."

तिथे फक्त ऊन होतं.

मामाने सायकल टाकली आणि हात जोडले. "घड्याळजी, मी आलोय. शेपूट आलंय. चुकलं माझं. सुटलात, चला आता."

काही नाही... नुसतं कट, कट, कट...

"ऐकलं का त्यांनी? काय करतायत?"

लेकीला रडू फुटलं. "ते तुमच्याकडे बघतच नाहीयेत, बाबा. तुमच्या पलीकडे बघतायत. वाटेकडे. तुम्ही त्यांना दिसतच नाही."

मामा ओरडला. घसा फुटेपर्यंत ओरडला. ती नुसतं डोकं हलवत राहिली.

मग तिने एकदम उजवीकडे मान वळवली. कुणीतरी बोलल्यावर वळवतो तशी.

"काय म्हणाले?"

"विचारतायत... शेपूट किती मागे आहे?"

मामा मटकन खडीवर बसला. मग हळूच म्हणाला, "सांग. मागेच आहे म्हणावं."

तिने सांगितलं. ते ऐकून त्यांना बरं वाटलं, म्हणाली. पुन्हा नीट उभे राहिले.

मामाचे गुडघे आता गेलेत. शेपूट म्हणून दुसरं कुणीतरी बघा, म्हणतो. मला विचारलंय.

मी मागच्या रविवारी लाल वाटेने गेलो होतो, मधल्या घोळक्यात. फाट्यावर पिवळं हेल्मेट होतं. डावा हात वर.

त्यांनी मलाही विचारलं. आणि माझ्या तोंडून आपोआप तेच उत्तर निघालं.