सगळ्यांना समजलं होतं

यमुनाकाकूंची गिरणी आज पुन्हा बंद होती. दळणाचा डबा घेऊन ऋजुता दाराशी जरा थांबली आणि तशीच आरोग्य केंद्राकडे वळली. तिथे तिचे आबा असायचे. आबा निवृत्त शास्त्रज्ञ. कोळवडीच्या त्या केंद्रात रुग्णांचे वर्ग घेणाऱ्या सुबोध या यंत्रमानवासाठी त्यांनीच पाठ लिहिले होते.

आत काकू खाटेवर बसल्या होत्या. धाप नुकतीच शांत झाली होती.

"काकू, पिठाची धूळ आणि दमा यांचं जमत नाही," डॉक्टर तांबोळीबाई म्हणाल्या. "या महिन्यातही श्वासातून घ्यायच्या पंपाचं औषध लागू पडलं नाही, तर गिरणी सोडावी लागेल."

काकूंनी नुसता पदर सारखा केला. नवरा गेल्यावर ती गिरणी त्यांनी एकटीने चालवली होती.

ऋजुता आबांच्या खोलीत गेली. "आबा, औषध चांगलं नाही का?"

"औषध उत्तम आहे. कोडं तेच आहे. काकू वर्गात पहिल्या रांगेत बसतात, तरी गुण येत नाही. इतरांचंही तसंच." आबांनी चष्मा पुसला. "माझ्या पाठातच काहीतरी राहिलं असणार."

"पाठात श्वासनलिका (हवा फुप्फुसांत नेणारी नळी), तिची सूज, औषधाचा इतिहास, सगळं आहे," आबांच्या टेबलाशी उभा असलेला सुबोध म्हणाला. "शेवटी मी विचारतो, समजलं का? सगळे हो म्हणतात."

"आम्हीपण गणिताच्या बाईंना हो म्हणतो," ऋजुता म्हणाली.

"न समजताही?"

"नाही म्हटलं की त्या पहिल्यापासून सांगतात. आणि बाईंना नाही कसं म्हणायचं?"

सुबोधच्या कपाळावरचा दिवा लुकलुकला. "मग बाईंना खरं कसं कळतं?"

"फळ्यापाशी बोलावतात. गणित करून दाखव म्हणतात."

आबांचा चष्मा पुसणारा हात थांबला. कोपऱ्यात धुकं-आरसा उभा होता. सरावाच्या पंपातून निघणारं निरुपद्रवी धुकं शरीरात कुठवर पोहोचलं, हे तो आरसा हिरव्या प्रकाशात दाखवी. आजवर त्याच्यासमोर फक्त सुबोधच उभा राहत असे. रुग्ण बसून बघत.

काकूंना बोलावलं.

"सुबोधराव, परत परीक्षा का?" काकू हसल्या.

"परीक्षा माझी आहे, काकू. वर्गात शिकलात तसा पंप घेऊन दाखवा."

काकूंनी मान मागे टाकली, पंप ओठांपासून चांगला वर धरला आणि तांब्यातलं पाणी वरून प्यावं तशी फवारणी तोंडात सोडली. आरशात त्यांची जीभ तेवढी हिरवीगार झाली. छाती काळोखीच राहिली.

ऋजुताने हळूच विचारलं, "काकू, वरून का घेता?"

"अगं, वर्गात एकच पंप सगळ्यांच्या हातांतून फिरतो. तोंड लावून उष्टा कसा करायचा? पहिल्या दिवशी पाटीलवहिनींनी वरून घेतला, मग आम्ही सगळ्यांनी तसाच घेतला. घरीही तीच सवय लागली."

"कोण कसा घेतं ते मी पाहिलंच नाही. पण पंप दर वेळी पुसत होतो," सुबोध म्हणाला.

"पुसलं म्हणून उष्टं जातं का रे बाबा?"

आबा खुर्चीत टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सैलपणा आला. "म्हणजे औषध चुकलं नाही, काकूही चुकल्या नाहीत. वर्गाची रचना चुकली."

"रचना म्हणजे?" ऋजुताने विचारलं.

"मी काय सांगायचं ते ठरवून पाठ लिहिला. शेवटी काकूंना काय करता आलं पाहिजे, तिथून सुरुवात करायला हवी होती. आणि बघ, पोळपाटावर एका वेळी एकच पोळी लाटता येते. आपली कामाची स्मृती (आत्ता लक्षात धरलेल्या गोष्टींची डोक्यातली जागा) तशीच लहान असते. मी तिच्यावर आख्खी परात उपडी केली. शिकणारा कोणत्या सवयी घेऊन येतो, हेही विचारलं नाही."

सुबोधने इतिहासाचा भाग तिथेच बाजूला ठेवला. ऋजुताने जाड कागदाच्या नळ्या वळल्या, प्रत्येकाला आपली वेगळी. काकूंनी आपली नळी पंपाला बसवली. आधी नुसतं पंप हलवणं आणि श्वास सोडणं. ते जमल्यावर नळी ओठांत घट्ट धरणं. मग दाबता दाबता सावकाश श्वास आत घेणं आणि थोडा वेळ रोखणं. एकदा दाबायला उशीर झाला, एकदा खोकला आला. सुबोध प्रत्येक वेळी चुकलेलं तेवढंच सांगे आणि पुन्हा करायला लावी.

मग आरशात छातीभर हिरवी झाडं उमलल्यासारख्या श्वासनलिका उजळल्या.

"हे माझ्या आत आहे?" काकूंनी छातीवर हात ठेवला. "आणि मी सगळं जिभेलाच पाजत होते."

महिनाअखेरीला डॉक्टरबाईंनी काकूंची छाती तपासली, नाकावर कापडी पट्टी बांधायचं बजावलं आणि गिरणीचा विषय काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या पट्ट्याची ओळखीची घरघर ऐकून आबा ओट्यावर आले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

सुबोध आता मधुमेहाच्या वर्गाची तयारी करत होता. इन्शुलिनची सुई, पायांची काळजी, सणासुदीचं ताट. प्रत्येक गोष्ट रुग्ण आधी करून दाखवणार होते.

"नवी पद्धत नीट समजली ना तुला?" आबांनी विचारलं.

"ते विचारू नका, आबा," सुबोध म्हणाला. "गुरुवारी वर्गात येऊन बघा."