खोलीची शांतता

पहिल्याच भेटीत त्याने तिला गप्प केलं.

आणि तिला गप्प करणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. ती दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं, पण बोलायचं हिने एकटीने – अशी दिवसभराची सवय. त्या दुपारी संस्थेच्या सभागृहाचं दार ढकलून ती आत शिरली तीच बोलत. "अध्यक्षबाई, बिस्किटं आणलीत, पण पंखेवाला काही आला नाही, म्हणतो परवा येतो, आता याचा परवा कधी उजाडतो देव जाणे, आणि—"

"श्श."

अध्यक्षबाई कुठेच नव्हत्या. रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध एक तरुण उभा होता. कानांवर हेडफोन, हातात काठीला लावलेला केसाळ मायक्रोफोन, डोळे मिटलेले... आणि ओठांवर बोट.

ती जागच्या जागी थिजली. हातातला बिस्किटांचा पुडा मात्र थिजेना. तो कुरकुरला.

"गेली," तरुण डोळे उघडत म्हणाला.

"कोण गेली?"

"शांतता. होतच आली होती."

"अगंबाई! रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करताय? ऐकणार कोण ती?"

"कोणीच नाही. कुणाच्या लक्षात आली नाही, तरच ती चांगली." त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. "बोलता बोलता माणूस खोकतं, पाणी पितं. ते मी कापतो. कापलं की तिथे भोक पडतं. मग त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं. दुसऱ्या खोलीचं चालत नाही, लगेच उठून दिसतं."

"म्हणजे शिंपीच की तुम्ही."

"असेन."

"शिंपी नको. कानसेन म्हणते, शोभतं तुम्हाला. मी डॉक्टर. दातांची. पण घाबरू नका, दुखत नाही."

"दात की बोलणं?" त्याने विचारलं.

तिला चटकन उत्तर सुचलं नाही. ही तिच्या आयुष्यातली दुर्मिळ गोष्ट होती, आणि त्या पोराला त्याचा पत्ताही नव्हता.

संस्था बायकांची, देशोदेशी पसरलेली. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरच्या शहरात कमावत्या बायका एकत्र आल्या – एक परिचारिका, एक टंकलेखिका, एक छापखानेवाली – आणि ठरवलं, आपण पायावर उभ्या राहिलो, आता दुसरीला हात द्यायचा. नियम असा की एका व्यवसायातली एकच बाई एका शाखेत घ्यायची. सगळ्या डॉक्टरणी एका कोपऱ्यात आणि सगळ्या मास्तरणी दुसऱ्या, असं होऊ नये म्हणून. या शाखेनेही रात्रशाळा चालवली, पाळणाघर काढलं, पुरात वाहून गेलेल्या वस्तीला नळ आणून दिले. आता शाखेची पंचाहत्तरी आली होती. "इतिहास लिहायचा नाही," अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं होतं. "लिहिलेला कपाटात जातो. आपण ऐकवायचा." जुन्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांचे आवाज घ्यायचे. आणि कानसेनला घरोघरी न्यायचं काम सगळ्यात नव्या सभासदाच्या गळ्यात पडलं. नवी सून म्हटली की आणखी काय व्हायचं!

मग सुरू झाली त्यांची वरात. वकीलकाकूंचं पुस्तकांनी कोंबलेलं घर, निवृत्त परिचारिकेचा फिनेलच्या वासाचा ओटा, छायाचित्रकार मावशींची अंधारी खोली. म्हाताऱ्या बोलत राहत – पाळणाघरात हरवलेलं आणि कपाटात झोपलेलं पोर, रात्रशाळेत नवऱ्याच्या नकळत आलेली बाई, जी पुढे त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. बोलणं संपलं की तो हळूच म्हणे, "आता खोली घेतो. मिनिटभर कोणी बोलू नका."

आणि दर वेळी ती शांतता हीच मोडे. वकीलकाकूंकडे तिला हसू फुटलं. परिचारिकेकडे शिंक आली. मावशींकडे तर काहीच झालं नाही; शांतता पुरती भरत आलेली असताना ती म्हणाली, "झालं का हो?"

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्हाला शांततेचं वावडं आहे का?"

ती हसली. पण परतीच्या वाटेवर, रस्त्याच्या दिव्याखाली चालता चालता, तिने ते सांगून टाकलं. "आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा. बाबा पहिल्यापासून मितभाषी... आता तर भिंतीशीही बोलत नाहीत. जेवताना ताटाला चमचा लागला तरी दचकायला होतं. घर खायला उठतं हो. म्हणून मी बोलते. कोणीतरी बोलायला हवं ना?"

त्याने आपली चाल हळू केली. कोपऱ्यावरचं तिचं घर जरा उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी कानसेन तिच्या दवाखान्यात हजर! दाढ दुखत होती म्हणे. तिने त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, तोंडात कापसाचे बोळे ठेवले आणि मग, आता याला उत्तर देता येणार नाही अशी पक्की खात्री झाल्यावर, विचारलं –

"एक सांगा. त्या मिनिटभरात डोळे मिटून कोणाचा विचार करता तुम्ही?"

"आँ... आँ."

"काय? नीट बोला."

"आँऽऽ!"

"कळलं, कळलं." तिने आरसा फिरवला. त्याचे डोळे हसत होते, आणि कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. तिने भराभर दाढ साफ केली. दाढेला कीड नावालाच होती. एवढ्याशा किडीने माणूस दवाखान्यात येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तोंड मोकळं झाल्यावर मात्र तो पुन्हा मुका. "पुढच्या वेळी सांगतो," एवढंच म्हणाला.

पण पुढची वेळ उरली होती एकच. तारआजी.

तारआजी म्हणजे तारखात्यातल्या निवृत्त अधिकारी, नव्वदी ओलांडलेल्या, शाखेच्या सुरुवातीपासूनच्या. तारखातंच बंद पडलं, तेव्हा त्यांच्या मागे शाखेत त्यांची जागा कोणी घेणार नव्हतं. त्यांचं बोलणं टिपलं की काम संपलं. मग कानसेन सामान बांधून दुसऱ्या शहरी निघणार – तिकडे वर्षभराचं काम त्याची वाट पाहत होतं. हे त्यानेच सांगितलं होतं, बुटाची नाडी बांधता बांधता, खाली बघून.

तेव्हापासून तारआजींची तब्येत बिघडू लागली. निदान डॉक्टर तसं सांगू लागली. "आजींना सर्दी झालीय, या आठवड्यात नको." "आजींचा घसा बसलाय." "आजींचं पोट..." तो दर वेळी मान डोलवे, आणि दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर निराशेऐवजी भलतंच काही दिसे.

शेवटी आजींचाच फोन आला.

"काय गं ए दातवाली, माझं पोट बिघडलंय असं गावभर सांगत सुटलीयस म्हणे?"

"आजी... म्हणजे, मला वाटलं—"

"वाटेल ते वाटून घेशील! उद्या दुपारी या दोघं. आणि येताना खरं काय ते घेऊन ये."

आजींची खोली लहान होती. एक पलंग, एक टेबल, खिडकीत झाडांच्या कुंड्या. बाहेर पाऊस रिमझिमत होता. त्याने आजींच्या पदराला बारीक मायक्रोफोन लावला. ती पलंगाच्या कडेला बसली, आणि आजी बोलू लागल्या.

"तू नवी आहेस, तुला ठाऊक नसेल. आपल्या प्रत्येक सभेची सुरुवात मिनिटभर गप्प राहून होते. का?"

"गेलेल्यांच्या स्मरणार्थ ना?"

"हेच! सगळ्यांना तसंच वाटतं." आजींनी नकारार्थी बोट हलवलं. "मी विशीत होते. सीमेपलीकडच्या देशातही आपली शाखा होती, तिथेही एक तारवाली. रोज एकमेकींना निरोप. तोंड कधी पाहिलं नाही, पण यंत्राच्या टकटकीतून तिच्या बोटांची चाल मी झोपेतही ओळखली असती. मग दोन्ही देशांत लढाई जुंपली. तारा बंद. तिच्याशी बोलणं म्हणजे शत्रूशी बोलणं. शाखेत काही जणी म्हणाल्या, त्यांचं नाव काढू नका. मी म्हटलं, बरं, नाव नाही काढत. पण सभेच्या सुरुवातीला मिनिटभर गप्प बसेन, कोणासाठी ते माझं मी बघेन. पहिल्यांदा एकटी बसले. मग हळूहळू सगळ्याच बसू लागल्या."

"आणि पलीकडे?" तिने विचारलं.

"लढाई संपली. तारा जोडल्या. मी आमच्या त्या मिनिटाबद्दल कळवलं, आणि माझ्या यंत्रावर तिचा उलट निरोप – 'आम्हीही बसत होतो.' बस्स, एवढाच." आजी थांबल्या. टेबलावर त्यांचं बोट नकळत वाजत होतं. "मग पुढच्या अधिवेशनात ही गोष्ट निघाली, आणि देशोदेशीच्या शाखांनी तो रिवाज उचलला. आपण मेलेल्यांसाठी नाही गं बसत. जिवंतांसाठी बसतो. ज्यांच्याशी बोलता येत नाही, त्यांच्यासाठी."

पलंगाखालचं मांजर उठून आळस देऊन पुन्हा झोपलं.

"आता..." तो घसा खाकरून म्हणाला, "आता खोली घेतो."

तिने डोळे मिटले. नेहमीसारखं हसू आलं नाही, शिंक आली नाही. पाऊस कुंड्यांतल्या पानांवर टपटपत होता. आजींचा श्वास. मांजराची घुरघुर. आणि तिला पहिल्यांदाच कळलं, की ही शांतता घरातल्यासारखी नाही. ही रिकामी नव्हती. हिच्यात, हाताच्या अंतरावर, कोणीतरी होतं. घरी बाबाही असेच कोणासाठी तरी बसत असतील का, रोज, ताटापुढे? आज त्यांच्या शेजारी नुसतं बसून बघायचं, तिने ठरवलं. आणि मग मनात दुसरं काही उरलंच नाही, फक्त उद्याची गाडी, बांधलेलं सामान, बुटाची नाडी... बोल ना, तिने स्वतःला म्हटलं. एरवी टकळी थांबत नाही, आता बोल! पण शांतता भरत आली होती. ती मोडायला आज तिचं धाडस होईना.

"तुमचाच," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. हेडफोन अजून त्याच्या कानांवर होता. यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"खुर्चीत विचारलं होतंत ना... मिनिटभरात कोणाचा विचार करतो म्हणून. पहिल्या दिवशी बिस्किटांचा पुडा वाजला, तेव्हापासून... तुमचाच. सगळ्या घरांतल्या खोल्या मी गरजेपेक्षा लांब घेतल्या, डॉक्टर. एवढी ठिगळं कोणालाच लागत नाहीत."

"अहो... रेकॉर्डिंग चालू आहे," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. आज मीच मोडली." तो चाचरला. "तिकडचं काम करायलाच हवं. शब्द दिलाय. पण वर्षाने परत यायचं, तर... कोणासाठी यायचं, ते विचारून जावं म्हटलं."

ती बघत राहिली. शेकडो तोंडांसमोर अखंड चालणारी जीभ टाळूला चिकटली होती. पाऊस टपटपत होता. तो वाट बघत होता, रंग उडालेला, हातातली वायर पिळत.

"अगं ए," आजींनी टेबलावर टकटक केलं. "निरोप आला की पोच द्यायची असते. पलीकडचा जीव टांगणीला लागतो. एवढं शिकवलं नाही का कोणी?"

तिने एक खोल श्वास घेतला.

"पोचला," ती म्हणाली.

एवढाच शब्द. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला, जणू तो शब्द सांडेल.

"आता ही खोली पुन्हा घ्यावी लागणार," तो म्हणाला.

"घ्या की," आजी उशीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "आणि ती मोडकी पुसू नका बरं. तीही इतिहासात ठेवा."

त्याने लाल दिवा पुन्हा लावला. ती मायक्रोफोनच्या जरा अलीकडे सरकून बसली, त्याच्या बाजूला. आणि या खेपेला ती अगदी, अगदी गप्प राहिली.