चकतीत दोघीच

समरीनच्या वर्कशॉपमध्ये मी फार तर तीन-चारदा गेले असेन. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यामागे तिची पत्र्याची शेड आहे. आत मात्र एसी, स्वच्छ फरशी, चपला बाहेर. टर्बाइन इंजिनांचे भाग तिथे तपासायला येतात. न कापता, न तोडता. भागावर दिव्याचा एक लखलखाट टाकायचा आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून तो निवताना बघायचा. आत तडा असला की तेवढीच जागा उशिरा निवते. मी मांडवीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत एकच थर्मामीटर होता, तोही मी खणात कुलूप घालून ठेवायचे. नातीने हे सगळं समजावलं तेव्हा मला तिचा हेवा वाटला होता.

त्या दिवशी मला अनस घेऊन गेला. अनस समरीनचा धाकटा भाऊ, बोटीवर इंजिनियर. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर निघणार होता. सकाळी आरे-वारेच्या समुद्रात पोहायला गेला तो दुपारी उगवला, केस ओलेच. मी रागावले, तो हसला.

त्याचे नाना, माझे नवरे इद्रीस, असेच हसत गेले होते. मी बंदरावर उभी होते. त्यांना घेऊन पडाव आगबोटीकडे निघाला तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, शेजारच्याला काहीतरी गंमत सांगत होते. परत आली ती फक्त त्यांची कपड्यांची पेटी. तेव्हापासून घरातलं कुणी बोटीवर निघालं की ते परतेपर्यंत मी कॅलेंडरावर रोज एक दिवस खोडते.

वर्कशॉपच्या टेबलावर परातीएवढी इंजिनाची एक चकचकीत चकती उभी केली होती.

"हिला अजून काळा रंग द्यायचाय," समरीन म्हणाली. "रंग नसला की ही उष्णतेचा आरसाच होते, नानी. आपल्या अंगाची ऊब हिच्यात दिसते. मग तडा कुठला आणि माणूस कुठलं, कळत नाही. बघ."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर जांभळ्या काळोखात दोन केशरी आकृत्या होत्या. एक उंच, एक वाकलेली.

"ही मी, ही तू. अनस, तूपण ये रे."

"आलोय की."

तो आमच्या मधेच उभा होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

"मस्करी नको. चकतीसमोर ये."

"अगो, नाकासमोर आहे ती माझ्या!"

पडद्यावर दोघीच होत्या. मधे जांभळी जागा.

"यंत्र लाजलं मला बघून," अनस म्हणाला. "का गो, सुंदर माणसं दिसत नाहीत का यात?"

समरीन हसली नाही. तिने भिंग पुसलं, कॅमेरा बंद करून पुन्हा लावला. मग मला त्याच्या जागी उभं केलं आणि त्याला माझ्या. वाकलेली आकृती मधे आली. माझी आधीची जागा काळोखली.

"कोन चुकतोय," मी म्हणाले. शिक्षिकेची सवय.

"हो," समरीन म्हणाली. पण तिने कॅमेरा हलवला नाही.

तेवढ्यात पाण्याची बाटली घ्यायला अनस माझ्यापुढून गेला. पडद्यावरची माझी आकृती मधोमध कापली गेली आणि तो सरकताच पुन्हा सांधली.

म्हणजे तो होता. ऊब नव्हती.

मी त्याचं मनगट धरलं. गार नव्हतं, गरमही नव्हतं. त्या खोलीतल्या टेबलासारखं होतं.

समरीनने कॅमेरा बंद केला.

"उद्या जायचं नाहीस," मी म्हणाले.

"नानी, कंपनी काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. मला मारून जा."

"असं नको गो बोलू."

संध्याकाळभर तो वाद घालत राहिला. शेवटी माझं रडणं बघून त्याने कंपनीच्या एजंटला फोन केला, नानीची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. अल्लाचे आभार मानायला मी शुक्रान्याची नमाज पढले. बोटीच्या तोंडून मी एक तरी माणूस काढून घेतला होता.

अनस आता घरीच असतो. जेवतो, मला चिडवतो. समरीन हल्ली आमच्याकडे येत नाही, फोनवर फक्त, "बरा आहे ना तो?" एवढं विचारते.

काल तो दुपारभर माझ्या आरामखुर्चीत मोबाइल बघत बसला होता. उठून स्वयंपाकघरात गेला. आमच्या मांजरीला खोड आहे, कुणी उठलं की त्याच्या उबेत जाऊन बसायचं. तिने खुर्चीवर पुढचे पाय ठेवले. लगेच मागे घेतले आणि शेपटी फुगवून दाराबाहेर गेली.

मी खुर्चीच्या गादीवर तळहात ठेवला. आरे-वारेहून आला तेव्हाचे त्याचे ओले केस आठवले.

"नानी, चहा टाकू गो?" आतून अनसने विचारलं.

"टाक," मी म्हणाले.

थोड्या वेळाने हात उचलला. सगळी गादी गार होती. माझ्या तळव्याखालची जागा तेवढी कोमट झाली होती.