समोर कोण उभे राहणार?

“समोर डेल्फा उभी राहणार असेल, तर मी आज गाडीत बसणार नाही!”

रॉइसचे हे शब्द न्याहारीच्या घडीच्या टेबलावर आदळले. ग्रेव्हीत बुडवलेला, मऊ पावासारख्या बिस्किटाचा तुकडा म्हाताऱ्या हार्लनच्या हातात तसाच राहिला. इंडियानातल्या त्या शर्यतीच्या पट्ट्यावर आज स्पर्धा नव्हती, केवळ चाचणी होती. हिवाळाभर कोठारात राबून डेल्फाने बांधलेल्या डिझेल पिकअप ट्रकची पहिली धाव... आणि त्याच डेल्फाला तिचा धाकटा भाऊ पट्ट्यावरून हाकलू पाहत होता!

“मग कोण उभं राहील? हे सॉसेज?” हार्लनने हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला.

“कुणीही चालेल, डॅड. माझ्यावर जळणारी बहीण सोडून.”

डेल्फाने मान वर केली नाही. धाव घेण्याआधी मागची चाके जागीच फिरवून तापवतात. मग धुरात वेढलेला चालक रेषेपुढे सरकलेला ट्रक पुन्हा मागे रेषेवर घेतो, तो केवळ समोरच्या माणसाच्या हातांकडे पाहून. दोन वर्षांपूर्वी, अंतिम फेरीत, ऐन रेषेवर तिने त्याच हातांची फुली करून रॉइसला इंजिन बंद करायला लावले होते. प्रतिस्पर्धी एकटाच धावला आणि जिंकला! तेव्हाच्या जुन्या ट्रकखाली ठिबकणारे पाणी तिने पाहिले होते. ते चाकाखाली आले असते तर रॉइस सरळ भिंतीवर आदळला असता. पण तापलेल्या काँक्रीटवर ते थेंब क्षणात विरून गेले, आणि आपल्याला चालकाची जागा मिळाली नाही म्हणून बहिणीने सूड घेतला, एवढेच त्याच्या मनात रुतून बसले. पाणी कशामुळे गळले ते इंजिन उघडताच तिला कळले होते... पण ते उच्चारणे तिला कदापि शक्य नव्हते!

इंजिनाविषयी मात्र तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. सकाळी ते तापवले तेव्हा त्याचा आवाज तिने डोळे मिटून ऐकला होता, आणि तो आवाज निर्दोष होता. आता ते निवले होते. पहिल्यांदा तापून निवल्यावर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, सारे नट पुन्हा आवळायचे, नाहीतर तिथून पाणी झिरपते, हा त्या घराचा नियम. आणि तो पाना हार्लनखेरीज कुणी हाती घ्यायचा नाही, हाही.

हार्लन वाकला. एकेक नट आवळताना त्याच्या मुद्रेवर जुने तेज आले. एक ओळ झाली... आणि तो थबकला. क्षणभर त्याची नजर शून्यात हरवली. मग पाना ठेवून तो समाधानाने म्हणाला, “झालं!”

“डॅड, तुमची कॉफी थंड होतेय,” डेल्फा सहज म्हणाली.

तो कपाकडे वळताच तिने पाना उचलला आणि दुसरी ओळ झरझर, निःशब्द आवळू लागली.

एरवी या वेळी रॉइस इतर चालकांत गप्पा छाटत फिरत असे. आज तो रुसून ट्रेलरच्या पायरीवरच बसला होता, आणि त्याने हे सारे पाहिले. तो उठून तिच्यापाशी आला.

“ही ओळ राहिली होती?”

“हळू बोल.”

“डेल्फा... त्या फेरीच्या वेळीही राहिली होती?”

तिने पुढचा नट आवळला. “त्यांच्याकडे एवढा एक पानाच उरलाय रे, रॉइस! तोही काढून घेऊ?”

“आणि मी तुला... अगं, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर नाही नाही ते बोललो मी! तू एका शब्दाने सांगायचंस!”

“तू चिडलास तरी परत येशील हे मला माहीत होतं. डॅड खचले असते तर उठले नसते.”

“दोन वर्षं!” मागून आवाज आला. हार्लन कप घेऊन उभा होता. डोळे भरून आले होते, पण स्वर खणखणीत होता. “दोन वर्षं ही पोरगी मला कॉफी थंड होतेय म्हणून सांगतेय, आणि दर वेळी माझी जीभ भाजतेय! मी म्हटलं, हिला कॉफीतलं काही कळत नाही...”

तिघेही हसले, आणि हसता हसताच हार्लनने तिचा पाना धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “आता हा तुझ्याकडेच राहू दे, पोरी. मी शेजारी उभा राहीन. चुकलीस तर ओरडेन.”

रॉइसने हेल्मेट तिच्यापुढे धरले. “घे. तू चालव. ट्रक तुझा आहे.”

“वेडा आहेस का? तुला पेडलवर पाय दाबायचा एवढंच येतं, तेवढं तरी कर! मला माझं इंजिन समोरून ऐकायचंय.”

थोड्याच वेळात मागची चाके गर्जत फिरली. पांढऱ्या धुरात ट्रक दिसेनासा झाला. डेल्फा समोर उभी राहिली. धूर विरळ होताच तिने वाकून पाहिले... खाली काँक्रीट कोरडे ठणठणीत होते! तिने दोन्ही हात उंचावले, आणि ट्रक मागे सरकू लागला.

रॉइसने आरशात एकदाही पाहिले नाही. काचेतून त्याची नजर केवळ तिच्यावर खिळली होती. तिचे डोळे पाण्याने काठोकाठ भरले, सारे अंधुक झाले, थेंब गालांवरून ओघळून हनुवटीवर आले... पण ते पुसता येत नव्हते. तिचे दोन्ही हात गुंतले होते, आणि तिचा भाऊ त्यांच्याच भरवशावर गाडी मागे घेत होता.