दुसऱ्या रकान्यातली सही

“माणसाला एकटं पाडायचं आणि वर त्याच्याकडंच दोन सह्या मागायच्या! हा नियम करणाऱ्यांनी एक रात्र तरी काढलीय का त्या लॅबमध्ये?”

तात्या नेमकं कुणावर चिडले ते कुणालाच कळलं नाही. ते लॅबचे जुने मदतनीस, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. हॉस्टेलची वीज गेली होती म्हणून एम.टेक.ची तीन नवी पोरं त्यांच्याभोवती पायऱ्यांवर बसली होती. त्यातल्या एकानं सहज विचारलं होतं, “तात्या, रात्री नोंदवहीतली दुसरी सही मीच ठोकली, तर कोण बघतंय?”

“बघत कुणी नाही रे,” तात्या म्हणाले. “पण आधी साहेबाचं ऐक. माझ्या डोळ्यांदेखतचा पोरगा.”

साहेब हे त्याचं खरं नाव नव्हे. सहा वर्षं कारखान्यात काढून तो शिकायला आला होता. वर्गात इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा, म्हणून पोरांनी ते नाव ठेवलं. घरी बायको, दीड वर्षाची मुलगी. कारखान्यानं त्याची जागा जूनपर्यंत राखून ठेवली होती. त्याआधी पदवी हातात हवी. आणि पदवी अडली होती एका पट्टीवर.

धातूची वीतभर पट्टी. ती तापल्या भट्टीत टांगायची, खाली वजन लावायचं आणि सलग ऐंशी तास, दर तासाला, ती किती ताणली ते काट्यावर वाचून वहीत लिहायचं. एक जरी रीडिंग चुकलं तरी चाचणी बाद. त्याच्या तीन बाद झाल्या होत्या. एकदा वीज गेली, एकदा भट्टी बिघडली, एकदा त्याचाच डोळा लागला. संगणकानं नोंद घ्यायची सोय होती, पण तो संगणक वर्षभर दुरुस्तीच्या अर्जात अडकलेला.

मार्चमधला दुसरा गुरुवार. चौथ्या चाचणीचे बहात्तर तास झाले होते. रात्री नऊनंतर लॅबमध्ये दोन माणसं हवीत आणि प्रत्येक रीडिंगपुढं दोघांच्या सह्या हव्यात, हा नियम. तीन रात्री जोडीदार बसला. त्या दुपारी त्याला नोकरीचं बोलावणं आलं, तो बॅग भरून निघून गेला. जाताना म्हणाला, “साहेब, माफ करा हं.” माफ करून रीडिंग होतात थोडीच!

साडेआठला साहेब हॉस्टेलमध्ये दारोदार फिरला. एकाची परीक्षा होती. दुसरा म्हणाला, “तुमची पट्टी ताणेपर्यंत आमची लग्नं होतील, साहेब.” सगळे हसले. त्यानं गाईडला फोन केला. “माणूस शोधणं तुझं काम,” म्हणून गाईडनं ठेवून दिला.

मग तो लॅबमध्ये आला. नऊचं रीडिंग घेतलं, स्वतःची सही केली आणि पेन डाव्या हातात धरून दुसऱ्या रकान्यात एक वेडीवाकडी रेघोटी ओढली. नाव नाही, गाव नाही. ‘आत आल्याची वेळ’ दोघांची लिहिली: नऊ. वहीच्या लेखी आता तिथं दोन माणसं होती.

दहा. अकरा. बारा. दर तासाला उजव्या हातानं एक, डाव्या हातानं एक. बाराला त्यानं घरी फोन लावला. बायको झोपेत म्हणाली, “आता तरी संपेल ना हो?” तो “हो” म्हणाला.

जाग आली तेव्हा मान अवघडली होती. समोर घड्याळ.

तीन वाजून दहा.

एक, दोन, तीन... तिन्ही रीडिंग गेली. टेबलावर डोकं आपटावं असं वाटलं साहेबाला. चार चाचण्या. एक अख्खं वर्ष. त्यानं वही ओढली, फाडायलाच.

एकचा आकडा लिहिलेला होता.

दोनचाही.

तीनचाही. त्याची शाई बोटाला लागली.

पहिला रकाना तिन्हीपुढं रिकामा. दुसऱ्यात तीच रेघोटी.

“कोण आहे?”

...

भट्टीची घरघर. बस.

भिंतीशी असलेली दुसरी खुर्ची आता काट्यासमोर होती.

“मग पळाला?” एका पोरानं विचारलं.

“पळतोय कुठं!” तात्या म्हणाले. “चारचं रीडिंग व्हायचं होतं.”

चारला तो उठला. त्या खुर्चीकडं न बघता काटा वाचला. आकडा लिहिला. सही केली. घाम पुसायला मान वळवली, तेवढाच वेळ. परत बघतो तर त्याच्या आकड्यावर काट. शेजारी दुसरा आकडा, डावीकडं कललेला. त्यानं पुन्हा काट्याकडं पाहिलं.

त्याचाच चुकला होता.

...

पाच. ऐंशी तास पूर्ण. त्यानं भट्टी बंद केली. ‘बाहेर गेल्याची वेळ’ दोघांची लिहिली: पाच-दहा. वही मिटून काखेत मारली. दिवे तसेच सोडले. कुलूप लावलं आणि फाटकाकडं सुटला. कारण वहीवर वॉचमनचा शिक्का लागायचा, आणि आत गेलेले दोघंही बाहेर पडल्याशिवाय तो मिळायचा नाही. शिक्का नाही तर चाचणी नाही.

वॉचमन नवा होता. आठच दिवस झालेले. त्यानं वही उघडली. “एकाच माणसाची वेळ आहे ही.”

“दोघांची लिहिलीय. नीट बघा.”

वॉचमननं वही त्याच्यापुढं फिरवली. साहेबाची पाच-दहा तशीच होती. खालची खोडलेली. एकच सरळ रेघ.

अंधारात कुणाच्या तरी पायाखाली खडी वाजली.

“ते पान माझ्या कपाटात आहे,” तात्या म्हणाले. “खोडलेल्या वेळेपुढची जागा अजून रिकामीच. चाचणी धरली नाहीच कुणी. पाचव्या वेळी मी बसलो त्याच्यासोबत, चारही रात्री. पदवी मिळाली, पण ऑक्टोबरात. तोवर कारखान्यातली जागा गेली होती.”

“पण शिक्का का नाही दिला?” सही ठोकायला निघालेल्या पोरानं हळूच विचारलं. “साहेबानं सांगायचं ना, की आत कुणी नाही.”

“सांगितलं की. ओरडून सांगितलं. आत कुणी नाही, मी कुलूप लावून आलोय, शिक्का मारा. साहेबाची पाठ लॅबकडं होती. वॉचमनचं तोंड लॅबकडं. तो जांभई देत म्हणाला, ‘ओरडता कशाला साहेब? येतोच आहे की तो. दिवे मालवतोय बघा, एकेक.’”